तळटीप, कंस की नुसता नंबर? : संदर्भांच्या भानगडीवर वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात या सदरात प्रबंधाच्या संदर्भसूचीबद्दल जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, तर इतके प्रश्न आले की हा अख्खा अंक त्यालाच देऊन टाकलाय. नवीन वाचकांसाठी सांगते, मी पंचवीसेक वर्षं एका कॉलेजच्या लायब्ररीत काउंटरला होते आणि रिटायर झाल्यापासून घरी बसून मुलांचे प्रबंध तपासून देते, त्यामुळे संदर्भांचा जो काही घोळ होऊ शकतो तो बहुतेक सगळा माझ्या डायनिंग टेबलवरून गेलेला आहे.

प्रश्न : ताई, मी मराठीत पीएच.डी. करतेय. कोर्सवर्कमध्ये एपीए शिकवलं. गाईड सर म्हणतात साहित्याला एमएलएच हवं. आणि डिपार्टमेंटमधले जुने प्रबंध काढून बघितले तर सगळ्यांनी प्रकरणाच्या शेवटी टिपा दिल्यात. नियमावलीत फक्त "योग्य संदर्भपद्धतीचा अवलंब करावा" एवढंच लिहिलंय. मी काय करू? (एक संशोधक, लातूर)

उत्तर : सर काय म्हणतात ते ईमेलवर लिहून घ्या, हे पहिलं काम. तोंडी सांगितलेलं तीन वर्षांनी कुणाच्याच लक्षात राहत नाही आणि व्हायवाच्या आदल्या आठवड्यात चारशे टिपा बदलायला बसलेली मुलगी मी बघितलीये, रडत होती बिचारी.

आता हे तीन प्रकार का आहेत ते समजून घेतलं की भांडण निम्मं संपतं. एपीए ही मानसशास्त्रवाल्यांची पद्धत, १९२९ साली त्यांच्या एका जर्नलमध्ये सात पानांचा लेख म्हणून सुरू झाली. त्यांच्याकडे संशोधन कधीचं आहे याला फार महत्त्व, म्हणून नावाला चिकटून लगेच साल येतं. एमएलए साहित्यवाल्यांची, तिथे साल मागे आणि पान पुढे, कारण कवितेची ओळ नेमकी कुठेय ते वाचणाऱ्याला हवं असतं. शिकागो (पहिलं मॅन्युअल १९०६ चं) इतिहासवाल्यांना आवडते कारण त्यांच्या कागदपत्रांचे पत्ते एवढे लांबलचक असतात की ते कंसात मावतच नाहीत, तळटीपच लागते. तुमच्या डिपार्टमेंटचे जुने प्रबंध म्हणजे याच टिपांच्या घराण्यातले, फक्त कुणी त्याला शिकागो म्हटलं नाही इतकंच.

एक उदाहरण घेऊ. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा', १९१५ चं. एपीएत मजकुरात येईल (आत्रे, १९१५, पृ. ४५), एमएलएत येईल (आत्रे ४५), आणि टिपांच्या पद्धतीत वर एक छोटा आकडा आणि खाली पूर्ण नाव, पुस्तक, प्रकाशक, साल, पान. आता गंमत बघा, तुमच्या हातात १९१५ ची प्रत असणारच नाही, नंतरचं कुठलं तरी पुनर्मुद्रण असणार, मग त्यावरचं साल टाकून (आत्रे, २०१०) असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं हे कुणी आजचे लेखक आहेत आणि मोबाईल आल्यानंतरच्या गावाबद्दल बोलतायत. एपीएत अशा वेळी दोन्ही सालं मध्ये तिरकी रेघ मारून देतात, (आत्रे, १९१५/२०१०, पृ. ४५), आधी मूळ मग तुमच्या हातातली प्रत. पान मात्र हातातल्या प्रतीचंच. आणि हो, आत्रे आहेत ते, अत्रे नाहीत. एका प्रबंधात 'गावगाडा' चक्क आचार्य अत्र्यांच्या नावावर लागलेलं मी स्वतः लाल पेनने खोडलंय.

माझं मत विचाराल तर मराठी साहित्याच्या प्रबंधाला एमएलए किंवा टिपा, दोन्ही चालतात, एपीए जरा उपऱ्यासारखं वाटतं. पण एमएलए घेतलीत आणि एकाच लेखकाची पाच पुस्तकं वापरताय तर नुसतं आडनाव आणि पान देऊन भागणार नाही, पुस्तकाचं छोटं नावही कंसात घालावं लागेल. मराठीत हे रोज होतं कारण आपण एकेका लेखकावरच प्रबंध करतो. अशा प्रबंधाला मी तरी टिपाच सुचवेन.

प्रश्न : संतसाहित्यावर काम करतो. तुकोबांच्या अभंगाचा संदर्भ "तु. गा. अभंग क्र. अमुक" असा दिला की पुरे ना? सगळे तसंच देतात. (एक प्राध्यापक, जळगाव)

उत्तर : नाही पुरत सर, आणि हे सांगताना मला एक दुपार आठवते. एक विद्यार्थिनी काउंटरवर चिठ्ठी घेऊन आली, त्यावर "तुकाराम गाथा, अभंग १८४०" एवढंच, तिच्या मॅडमच्या लेखातून उतरवलेलं. मी कपाटातून तीन गाथा काढल्या आणि तिघींतला त्याच नंबरचा अभंग उघडून शेजारी शेजारी ठेवलं. तीन वेगळे अभंग! तिच्या मॅडमना हवा होता तो तिघांतलाही नव्हता. मग आम्ही दोघी सुरुवातीच्या शब्दांवरून शोधत बसलो, सापडला शेवटी, पण दीड तास गेला.

कारण साधं आहे. जिला आपण सरकारी गाथा म्हणतो ती मुळात इंदुप्रकाश छापखान्यातून १८७३ पर्यंत निघालेली प्रत, सरकारने १९५० च्या दशकात परत छापली, तिच्यात ४६०७ अभंग आहेत. देहूच्या परंपरेतली गाथा वेगळी, जोगमहाराजांची सार्थ गाथा वेगळी, प्रत्येकीचा क्रम वेगळा आणि एकूण आकडाही वेगळा. तेव्हा प्रतीचं नाव, संपादक, आवृत्तीचं साल, अभंग क्रमांक, आणि वर अभंगाचे पहिले दोन-तीन शब्द. हे पहिले शब्द कुठल्याच स्टाईलमध्ये सांगितलेले नाहीत पण टाकाच, नंबर चुकला तरी माणूस शब्दांवरून पोचतो. पहिल्यांदा टीप देताना "यापुढे सर्व क्रमांक सरकारी गाथेनुसार" असं एकदाच सांगून टाकलंत तर पुढे नुसता क्रमांक दिला तरी चालेल.

ज्ञानेश्वरीलाही हेच. अध्याय आणि ओवी, १८.१७९४ असं टिंब देऊन लिहितात ते छान सुटसुटीत आहे, पण इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापलेली प्रत आणि साखरेमहाराजांची प्रत यांत ओव्यांचे आकडे जुळत नाहीत. पान नंबर दिला नाही तरी चालतो, प्रत द्यायलाच हवी.

प्रश्न : पेशवे दफ्तरातली कागदपत्रं वापरतोय. काही मूळ मोडीतली, काही छापील. शिवाय जुन्या पुस्तकांवर साल शके दिलंय. सूचीत काय लिहायचं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : छापील सोपं आहे. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी संपादित केलेले ४५ खंड १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला निघाले, त्यांत खंड क्रमांक आणि पत्र क्रमांक द्या, पानापेक्षा पत्र क्रमांक जास्त उपयोगी. मूळ कागद असेल तर उलटा प्रवास, म्हणजे संस्थेचं नाव, दफ्तर, रुमाल (म्हणजे कागद बांधून ठेवलेलं कापडी गाठोडं) क्रमांक, असेल तर पुडकं, मग कागदाचा क्रमांक, तारीख, कुणी कुणाला लिहिलंय. तिथल्या माणसाला रुमाल सोडून कागद हातात द्यायचाय, त्याला लागेल तेवढं सगळं. आणि मोडीचं लिप्यंतर तुम्ही केलंय की दुसऱ्याने, तेही लिहा.

शकाच्या आकड्यात ७८ मिळवायचे, इसवी सन येतं. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, म्हणून माघ-फाल्गुनातलं काही असेल तर ७९. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नुसतंच शके असेल तर दोन्ही द्या, शके १८३१ (१९०९) असं. छापलंय ते आधी, तुमचं गणित कंसात, म्हणजे तुमची चूक झाली तरी पुढच्याला ती पकडता येते. कागदांवर सुहूर सन असेल, म्हणजे अरबी शब्दांत लिहिलेलं साल, ते "अर्बा सबैन मया व अलफ" वगैरे, तर त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे कारण ते वर्ष मृगाला बदलतं. वरचं म्हणजे ४ आणि ७० आणि १०० आणि १०००, एकूण ११७४, म्हणून १७७३-७४. टीपेत अरबी शब्द तसेच ठेवा, पुढे सन द्या.

प्रश्न : प्लॅगॅरिझमचा (वाङ्मयचौर्याचा) रिपोर्ट १८ टक्के आलाय. मित्र म्हणतो अवतरणं काढून टाक आणि वाक्यं फिरवून लिही. संदर्भ दिले असतील तरी ते मोजतात का? (एक विद्यार्थी, अमरावती)

उत्तर : मित्राला चहा पाजा आणि त्याचं ऐकू नका.

यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत. १० टक्क्यांपर्यंत काही नाही. १० ते ४० मध्ये दुरुस्त करून परत द्यायला सांगतात, त्याला जास्तीत जास्त सहा महिने. ४० ते ६० मध्ये वर्षभर परत सबमिट करता येत नाही. ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. पण त्याच नियमांत लिहिलंय की मूळ लेखकाचा उल्लेख करून दिलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश हे सगळं मोजणीतून वगळायचं, आणि सलग १४ शब्दांपर्यंतची सर्वसामान्य जुळणीही. तेव्हा आधी रिपोर्ट काढणाऱ्याला विचारा की अवतरणं आणि सूची वगळायचा पर्याय लावला होता का. बऱ्याच वेळा लावलेलाच नसतो. १८ चे ९ तिथेच होऊ शकतात.

त्यानंतरही उरलं तर रंगवलेली वाक्यं एकेक करून बघा. दुसऱ्याचं वाक्य घेतलंय आणि अवतरण चिन्ह राहिलंय, तर चिन्ह घाला. विचार त्याचा आणि शब्द तुमचे असतील तरीही संदर्भ लागतोच, हे बहुतेकांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं शब्द बदलले की माल आपला झाला. वाक्य फिरवून टक्का खाली येतो पण चोरी तशीच राहते, आणि वाचणारा परीक्षक त्या विषयातला असेल तर त्याला दोन पानांत वास येतो. मी तर फक्त काउंटरवरची बाई, मलाही यायचा.

अजून एक. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला असेल, श्रीलिपी किंवा कृतीदेव वगैरे, तर सॉफ्टवेअरला तो मराठी दिसतच नाही, रोमन अक्षरांची खिचडी दिसते आणि रिपोर्ट छान २ टक्के येतो. त्यावर खूश होऊ नका. युनिकोडमध्ये टाइप करा. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, कितीतरी मराठी प्रबंध असे पडून आहेत की त्यात एक शब्द शोधायचा म्हटलं तर सापडत नाही.

प्रश्न : मी यूकेत मास्टर्स करतेय, युनिव्हर्सिटी म्हणते हार्वर्ड संदर्भपद्धत वापरा. पण मैत्रिणीच्या युनिव्हर्सिटीचं हार्वर्ड वेगळंच आहे! आणि मराठी पुस्तकांचा संदर्भ इंग्रजी निबंधात कसा देऊ? (एक वाचक, लीड्स)

उत्तर : हो, कारण हार्वर्डचं एपीएसारखं एकच अधिकृत पुस्तक नाहीये. लेखक आणि साल कंसात ही कल्पना, तिचा उगम सांगतात तो हार्वर्डमधल्या एडवर्ड मार्क नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाच्या १८८१ च्या निबंधात, आणि निबंध कशावर तर बागेतल्या गोगलगायीवर, बिनशंखाच्या. तेव्हापासून जो तो आपापलं हार्वर्ड बनवतोय. स्वल्पविराम कुठे, साल कंसात की नाही, हे तुमच्याच युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीच्या गाईडमध्ये बघायचं, मैत्रिणीच्या नाही, गूगलच्या तर अजिबात नाही.

मराठी पुस्तकाचं नाव रोमन अक्षरांत जसंच्या तसं, आणि लगेच पुढे चौकोनी कंसात इंग्रजी अर्थ. एपीएतही हेच सांगितलंय. लिप्यंतर एकाच पद्धतीने करा, एका ओळीत दीर्घ आ ला दोन ए आणि दुसऱ्या ओळीत डोक्यावर रेघ असं नको. आणि नावं सांभाळा! आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो, काही जण आडनाव आधी लिहितात, मग परदेशी डेटाबेस शेवटचा शब्द आडनाव समजतो आणि लेखकाऐवजी त्याचे वडील सूचीत येतात. पाटीलबाईंचे तीन लेख 'दत्तात्रय' नावाखाली लागलेले मी बघितलेत. तुमच्या स्वतःच्या पहिल्या पेपरला नाव एकदाच नीट ठरवा, मग आयुष्यभर तेच.

प्रश्न : संदर्भ सांभाळायला झोटेरो सॉफ्टवेअर वापरू का? मराठीला चालतं का? (एक संशोधक, पणजी)

उत्तर : वापरा, फुकट आहे आणि देवनागरी व्यवस्थित घेतं. तीनशे टिपा हाताने सांभाळण्यापेक्षा कितीतरी बरं, आणि मधेच गाईड म्हणाले एमएलए नको एपीए करा, तर दोन क्लिकचं काम.

फक्त ते जे आपोआप ओढून घेतं त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. कॅटलॉगमध्ये मराठी पुस्तकांची माहिती आधीच अर्धवट असते, "देशपांडे पु ल" हे अख्खं एकाच खणात येऊन पडतं, मग कंसात आडनावाऐवजी पूर्ण नाव छापून येतं. आडनावाच्या खणात आडनाव, उरलेलं दुसऱ्या खणात, प्रत्येक नोंदीला एकदा बघायचं, अर्धं मिनिट लागतं. 'संपा.', 'अनु.', 'पृ.', 'आणि इतर' यांच्या जागी माझ्याकडे तरी इंग्रजीच येतं, ते मी अगदी शेवटी, सगळं फायनल झाल्यावर फाइंड-रिप्लेसने बदलते. आधी बदललं तर पुढच्या रिफ्रेशला परत इंग्रजी, हे मी दोनदा करून शिकले. आणि अकारविल्हे लावताना क्ष, ज्ञ बघा. कॉम्प्युटरला क्ष म्हणजे क अधिक ष, त्यामुळे क्षीरसागर बऱ्याचदा कुलकर्ण्यांच्या आसपास जाऊन बसतात, आपल्या जुन्या सूच्यांमध्ये ते पार शेवटी, ह-ळ नंतर असायचे. गाईडना कुठे हवेत ते विचारा आणि सगळे क्षीरसागर एकाच ठिकाणी बसवा.

प्रश्न : टिपांमध्ये 'तत्रैव' (वरच्याच टिपेतलं पुस्तक) आणि 'उ. नि.' (आधी उल्लेख केलेलं पुस्तक) अजून चालतं का? आणि प्रकाशनाचं शहर द्यायचं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चालतं, पण 'तत्रैव' घातक आहे. म्हणजे बघा, टीप १२ ला पुस्तक, १३ ला तत्रैव. तुम्ही महिन्याने दोघांच्या मधे एक नवीन टीप घुसवली की तत्रैव भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवायला लागतं आणि तुम्हाला पत्ताही नाही. शिकागोवाल्यांनीही २०१७ च्या आवृत्तीपासून त्यांच्या तत्रैवऐवजी आडनाव, छोटं शीर्षक, पान असं द्यायला सुचवलंय. तसंच करा. फारच आवडत असेल तर अगदी शेवटच्या प्रिंटच्या आधी घाला.

शहर आता एपीए, एमएलए आणि २०२४ पासून शिकागो, तिघांनीही सोडून दिलंय. मराठीत मात्र मी अजून ठेवायला सांगते कारण आपले छोटे प्रकाशक एकाच नावाचे दोन-दोन गावांत असतात. गाईड नको म्हणाले तर काढा.

प्रश्न : एआयला विचारलं तर त्याने माझ्या विषयावर १२ संदर्भ काढून दिले, पान नंबरसकट, एपीएमध्ये, एकदम परफेक्ट. वापरले तर चालतील ना? (नाव नको)

उत्तर : बाराच्या बारा शोधा. लायब्ररीत, कॅटलॉगमध्ये, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) टाकून, जसं जमेल तसं. जे हातात येऊन वाचलंत ते वापरा, बाकीचे फेका. या यंत्रांना संदर्भाचा आकार चांगला जमतो, म्हणजे आडनाव, साल, कंस, तिरपी अक्षरं, सगळं जागच्या जागी, आणि आत पुस्तकच नसतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी असेच यंत्राने रचलेले खटले कोर्टात सादर केले, ५,००० डॉलर दंड झाला.

न वाचलेलं पुस्तक यादीत घालणं ही आपल्याकडे एआयच्या आधीपासूनची खोड आहे म्हणा. दुसऱ्याच्या पुस्तकात उद्धृत केलेलं वाक्य घ्यायचं आणि संदर्भ थेट मूळ पुस्तकाचा द्यायचा. मूळ मिळालंच नाही तर सरळ लिहा, अमुक यांचं वाक्य, तमुक यांच्या पुस्तकात उद्धृत, पृष्ठ इतकं, आणि सूचीत तमुक. यात कमीपणा काही नाही. मधल्याने चूक उतरवून घेतली असेल तर निदान ती तुमच्या माथी येत नाही.

प्रश्न : ताई, सगळं झालं पण एका पुस्तकाचा पान नंबर लिहून घ्यायचा राहिला आणि पुस्तक परत केलंय. सबमिशन सोमवारी. (एक घाबरलेली मुलगी, कोल्हापूर)

उत्तर : लायब्ररीत फोन कर बाळा. पुस्तकाचं पूर्ण नाव, लेखक, दाखल क्रमांक असेल तर उत्तम, आणि तुला हवं ते वाक्य जसंच्या तसं, कुठल्या प्रकरणातलं तेही. आम्ही असे कितीतरी जणांना पानं शोधून दिलीयेत, काउंटरवरच्या माणसाला तेवढंच जरा वेगळं काम. फक्त "ते निळ्या कव्हरचं, जाडसं" असं नको सांगू. आणि दुपारी एक ते दोन फोन करू नकोस, डबा खात असतील.